चायना ग्रास गोठेपर्यंत

चायना ग्रास गोठेपर्यंत घरात चालायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. चालायचं नाही म्हणजे मोरीपर्यंतसुद्धा नाही. रमजानच्या दुपारी आई पातेल्यात दूध आटवायची, दुसऱ्या भांड्यात चायना ग्रास उकळून घ्यायची, दोन्ही एकत्र करून वेलची टाकायची आणि काठाच्या मोठ्या थाळीत ओतून ती थाळी टेबलावर ठेवायची. मग आम्हा दोघा भावंडांकडे वळून बोट उगारायची.

"आता कोणी हलायचं नाही. त्याला धक्का बसला तर ते बसत नाही."

मी आणि माझी मोठी बहीण, जिला मी आपा म्हणतो, भिंतीला टेकून थाळीकडे बघत बसायचो. रोजा असायचा, त्यामुळे तोंडाला पाणी सुटलं तरी गिळायचं की नाही हाही प्रश्नच. थाळीतलं दूध आधी नुसतं दूधच दिसायचं. मग कधीतरी त्याच्यावरची चमक बदलायची. नेमकी कधी, ते मला कधीच पकडता आलं नाही. आई येऊन थाळी जराशी कलती करायची आणि दूध सांडायचं नाही. एवढंच. पण मला ते दरवर्षी नवीन वाटायचं. मघापर्यंत जे वाहत होतं, ते आता शंकरपाळ्यासारखं कापता येत होतं!

चायना ग्रास ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रातल्या शेवाळापासून करतात ते. दुकानात पांढऱ्या, वाळक्या, सुरकुतलेल्या पट्ट्या मिळतात. हातात घेतल्या तर वजनच लागत नाही. भिजवून उकळल्या की विरतात, निवल्या की गोठतात, आणि त्याला फ्रिजही लागत नाही. वड्या झाल्या की एक ताट शेजारी जायचं, एक पलीकडच्या आळीत, आणि तिकडून ताटं रिकामी परत यायची नाहीत. कोणाकडून खजूर, कोणाकडून भजी.

आता गंमत ऐका. मोठा झाल्यावर एकदा दुसऱ्यांच्या घरी पाहिलं, तर थाळी गोठायला ठेवलेली आणि पोरं घरभर दंगा करतायत. चायना ग्रास आपलं मुकाट्याने गोठतंय. घरी येऊन आईला विचारलं. आपाने परस्पर सांगून टाकलं, "अरे येड्या, आपल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. कोणी चाललं की थाळी हिंदकळते." म्हणजे तो नियम चायना ग्राससाठी नव्हता, टेबलासाठी होता. पण तोवर माझी सवय पडून गेली होती. काही व्हायची वाट बघायची असली की मी अजून श्वास धरून बसतो.

मी नववीत शाळा सोडली. वडील गेले आणि घरात कोणीतरी कमावणं भाग होतं, एवढंच कारण. आंब्याच्या कॅनिंगला लागलो. दोन महिने नुसता रस. उरलेला रस आई घरी थाळ्यांत पसरून उन्हात ठेवायची, त्याचं साठं व्हायचं. सकाळी थाळी बोटभर भरलेली, आणि चार उन्हं खाल्ली की तळाला चामड्यासारखा पातळ तुकडा. "एवढा रस गेला कुठे?" मी विचारायचो. "ऊन प्यायलं," आई म्हणायची.

हे साठं मी मध्येच का काढलं ते पुढे कळेल.

इथे मी आखातात, जबल अलीत असतो, कंपनीच्या कॅम्पमध्ये. काम पाइपांना इन्सुलेशन करायचं. प्लांटमध्ये वाफेचे, तेलाचे लांबच लांब पाइप असतात. आतली उष्णता बाहेर पडू नये म्हणून त्यांच्याभोवती जाड थर गुंडाळायचा, वरून पत्रा चढवायचा. पहिल्यांदा हे काम लागलं तेव्हा आईला फोनवर सांगितलं, "पाइपांना गोधडी घालतो."

आई म्हणाली, "त्या वाळवंटात पाइपांना थंडी वाजते?"

हा विनोद तिने गावभर केला. अजूनही गावी गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "काय रे, तुमचे पाइप बरे आहेत ना? सर्दीबिर्दी नाही ना झाली?"

काम चांगलं आहे. शिक्षण नसलेल्या माणसाला हातात कला दिली, वेळेवर पगार दिला, म्हणून मी या देशाचे, आणि ज्याने मला इन्सुलेशन कापायची सुरी पहिल्यांदा धरायला शिकवली त्या माणसाचेही, उपकार मानतो. पण स्वभाव घाबरट. फोन वाजला की आधी मनातल्या मनात सगळी वाईट बातमी ऐकून घेतो आणि मग नाव बघतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवीन माल आला. पूर्वी आम्ही दगड वितळवून केलेल्या लोकरीचे जाड गठ्ठे बांधायचो, त्याने अंग खाजायचं. हा नवा पांढरा, गादीच्या आतल्या अस्तरासारखा, जेमतेम बोटाएवढा जाड. नाव एरोजेल ब्लँकेट. तो कापायचा कसा, बांधायचा कसा हे शिकवायला एक मॅडम आल्या. मूळच्या केरळच्या, वयाने माझ्याएवढ्याच, हिंदी थोडी तुटक पण बोलायला मोकळ्या. सगळ्यांना भय्या म्हणायच्या.

त्यांनी आधी डबीतून एक तुकडा काढला. बर्फीच्या वडीएवढा. "हे तुमच्या ब्लँकेटमधलं खरं सामान," म्हणाल्या. "तिथे ते कापडाच्या तंतूंमध्ये बसवलेलं असतं. हे नुसतं आहे." तुकडा कसा दिसत होता सांगू? अगरबत्तीचा धूर कोणीतरी धरून चौकोनी कापावा तसा. मागे काळं टेबल होतं तर निळसर दिसला, उजेडाकडे धरला तर पिवळट. हातोहात फिरत माझ्याकडे आला. तळहातावर ठेवला आणि खरंच सांगतो, डोळे मिटले असते तर काही ठेवलंय हे कळलं नसतं. एकदम घरच्या चायना ग्रासच्या कोरड्या पट्ट्या आठवल्या. म्हणून जरासा चिमटीत दाबून पाहिला.

काचेसारखा कट्‌ आवाज झाला आणि दोन तुकडे झाले.

मला घाम फुटला. शेजारी बसलेला माझा रूममेट, तेलंगणातला वेल्डर, तो हळूच म्हणाला, "गया मियां तू. अब ज़िंदगीभर भरते रह."

मॅडम हसल्या. "हर क्लास में एक भय्या तोड़ता है," म्हणाल्या. "आज तुमचा नंबर." आणि त्या मोडक्या तुकड्यावरच त्यांनी पुढचं सगळं समजावलं.

म्हणाल्या, जेल म्हणजे दोन गोष्टी. एक जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. जाळ्याचे धागे इतके बारीक की डोळ्याला दिसणार नाहीत, आणि पाणी इतकं जास्त की सगळं वजन त्याचंच. तरीही ते सांडत नाही. मी किनाऱ्यावरचा माणूस. आमच्या जाळ्यातून पाणी निसटतं आणि मासा राहतो. इथे भोकंच इतकी बारीक की पाणीच मासा झालेलं. घरची थाळी डोळ्यांपुढे आली. ज्याच्यापुढे मी श्वास धरून बसायचो, त्याच्या आत हे चाललेलं होतं. धागा धाग्याला धरत होता, आणि सगळे हात एकमेकांत गुंतले की थाळी कलती केली तरी दूध जागचं हलत नव्हतं.

"मग हे पाणी काढून टाकलं तर?" मॅडमनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आटेल. साठं होईल."

साठं म्हणजे काय ते मग हिंदीत सांगावं लागलं. त्यांना लगेच कळलं, त्यांच्याकडेही आंब्याचं तसंच करतात म्हणे. तेच, म्हणाल्या. पाणी नुसतं जात नाही. जाताना भिंती ओढत जातं. ओले केस कसे एकमेकांना चिकटतात, तशा जाळ्याच्या भिंती चिकटतात आणि सगळं घर खाली बसतं. एरोजेल करणारे म्हणूनच वेगळी युक्ती करतात. बंद भांड्यात दाब आणि उष्णता अशी धरतात की आतला द्रव आणि वाफ यांच्यात फरकच उरत नाही. द्रव उरला नाही, तर ओढणार कोण? मग तो हळूहळू सोडून देतात. जाळ्याला कळतही नाही की पाणी गेलं. जिथे होतं तिथेच उभं राहतं, आत नुसती हवा.

आणि ती हवाही इतक्या बारीक कोनाड्यांत कोंडलेली की तिला पळायला जागा नाही. जी पळत नाही ती उष्णता पोचवत नाही. म्हणून बोटभर जाडीत काम भागतं.

त्या संध्याकाळी आईला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. "तुझ्या चायना ग्रासमधलं पाणी काढून त्याच्या गोधड्या करतात," म्हटलं.

आई म्हणाली, "वाया घालवतात." मग जरा थांबून, "लग्नाचं काय केलंस?"

ते तिचं नीट, स्वच्छ बोलणं. ते आठवलं की अजून बरं वाटतं. कारण त्यानंतर थोड्याच महिन्यांत तिला झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं.

आपा लग्नानंतर गावातच दोन घरं सोडून राहते. नवरा बोटीवर असतो, म्हणून आईचं सगळं तिच्यावर आलं. इस्पितळातून घरी आणल्यावर खरा त्रास सुरू झाला. आईला पाणी गिळता येईना. घोट घेतला की ठसका, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी सांगितलं की घशाच्या स्नायूंना आता पाण्याचा वेग झेपत नाही, पाणी चुकून श्वासाच्या वाटेला जातं, आणि ते धोक्याचं. त्यांनी एक पावडर दिली. ती घातली की पाणी दाट होतं, हळू सरकतं. आईने एक चमचा घेतला आणि तोंड मिटलं. सबंध दिवसात एकच शब्द बोलली. "खळ."

कपड्यांना घालायची खळ. चूकही नव्हतं म्हणा. आपाने थोडी खाऊन मला सांगितलं, "चव अशी काही नाहीच रे. ओला पुठ्ठा चाटल्यासारखं."

आई खाईना, पिईना. इस्पितळात असताना तिच्या नाकातून नळी घातली होती आणि ती तिने दोनदा उपटली होती. तिसऱ्यांदा घातली तेव्हा तिचा चांगला हात पट्टीने खाटेला बांधावा लागला. हे सांगताना आपा फोनवर रडली होती आणि मी कॅम्पच्या जिन्यात बसून ऐकलं होतं. आता डॉक्टर म्हणाले होते, गुरुवारी घेऊन या. तोंडाने पोटात जाणं वाढलं नसेल तर नळी परत घालावी लागेल.

रमजान चालू होता. प्लांट बंद ठेवून करायचं शटडाउनचं काम चालू होतं, सुट्टी ईदनंतरची मंजूर झाली होती. मॅनेजर चांगला माणूस. "इन्शाल्ला, काम संपल्या दिवशी सोडतो," म्हणाला. पण गुरुवार काही ईदनंतर येणार नव्हता.

"तिला हवंय तरी काय?" मी आपाला विचारलं.

"कोकम सरबत. बाटलीकडे बोट करते. पण ते पाण्यासारखं पातळ. कसं देऊ?"

"पावडर घालून दे."

"दिलं. माझ्या अंगावर थुंकली."

रविवारी सुट्टी होती. दुपारी पडल्या पडल्या डोक्यात आलं की पातळही नको आणि खळही नको, तर मधलं एक आहे की! चायना ग्रास. कोकमाचं चायना ग्रास. जाळ्यात धरलेलं सरबत. आपाने ते थेट आईवर करून बघण्याआधी मी इथे करून बघणार होतो. घाबरट माणूस दुसऱ्याला काही सांगण्याआधी दहा वेळा तपासतो, तसंच समजा.

कॅम्पसमोरच्या ग्रोसरीत चायना ग्रासचं पाकीट मिळालं. कोकमाचं आगळ, म्हणजे फळाचा काढलेला रस, माझ्याकडे होतं. गेल्या उन्हाळ्यात आईने स्वतः काढलेलं, मीठ घालून मुरवलेलं, विमानात फुटू नये म्हणून तीन पिशव्यांत बांधून दिलेलं. जपून वापरत होतो, निम्मी बाटली उरली होती. आता ते हात परत आगळ काढतील की नाही कोणाला माहीत, म्हणून बाटलीचं झाकण उघडायला मन होईना. पण ज्याच्यासाठी वापरायचं त्याच्यासाठीच वापरत होतो.

चायना ग्रास भिजवलं, उकळायला ठेवलं, विरघळत आलं तसं आगळ आणि साखर टाकली आणि चांगलं खळखळवलं. कोकम आमच्याकडे उकळत्यातच पडतं. सार असो, माशाचं कालवण असो. लाल सुंदर रंग आला. ताटलीत ओतलं आणि खाटेवर श्वास धरून बसलो. रूममेटला सांगितलं, "हलू नकोस."

"क्यों रे? बम बना रा?"

तासाने ताटली कलती केली. सगळं वाहत एका काठाला आलं.

परत केलं. चायना ग्रास दुप्पट घातलं, आगळही थोडं जास्त, आणि आणखी वेळ उकळलं, न जाणो कच्चं राहिलं असेल म्हणून. या वेळी बुळबुळीत लापशी झाली. रूममेटचा रोजा नसतो, त्याच्याकडून चाखून घेतली. "टेस्ट मस्त है," म्हणाला. "मगर ये जमता नै. तेरे जैसाच है, डरपोक." बाटलीत तळाला दोन बोटं आगळ उरलं होतं.

सोमवारी त्याच मॅडम साइटवर आमचं काम तपासायला आल्या. पाइपावर पाणी शिंपडून बघत होत्या. या ब्लँकेटवर पाणी थांबत नाही, अळूच्या पानावरून पळतं तसं मण्यामण्यांनी पळतं. मी दोनदा पुढे झालो, दोनदा मागे आलो. कामाच्या वेळेत बाईमाणसाला स्वैपाकाचं काय विचारायचं? शेवटी रूममेटच ओरडला, "मॅडम, इसका जेल नै जम रा!"

झालं. सगळं सांगावं लागलं. आईचं, नळीचं, गुरुवारचं, कोकमाचं. मॅडमनी हातातली बाटली खाली ठेवली आणि नीट ऐकून घेतलं.

"आंबट कधी घातलंत?"

"उकळताना."

"तेच," म्हणाल्या. "आंबट आणि उकळी एकत्र आली की धागेच तुटतात. तुकडे झालेले धागे एकमेकांना कसे धरणार? तुम्ही जितकं जास्त उकळलंत, तितके जास्त तोडलेत. चायना ग्रास नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळवा, खाली उतरवा, निवू द्या. बोट घालून सोसवेल इतकंच गरम राहिलं की मग आंबट. लवकर ढवळा, कारण ते तिथूनच गोठायला लागतं."

मग जाता जाता वळल्या. "भय्या, आईंना द्यायच्या आधी गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या कोणाला तरी विचारा. याचे खडे पडतात. आणि ठेवलं की त्याला घाम येतो, बघितलाय ना? जाळं आवळत जातं आणि पाणी बाहेर टाकतं. ते सुटलेलं पाणीच त्यांच्यासाठी वाईट."

मी बघितला होता की. आईच्या वड्या दुसऱ्या दिवशी ताटात पाण्यात बसलेल्या असायच्या. आई म्हणायची, शिळ्या झाल्या. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट, जी मला लहानपणापासून माहीत होती आणि तिचं कारण एवढ्या वर्षांनी पाइपाखाली उभं राहून कळलं. मॅडमचे आभार मानायचे राहिलेच तेव्हा. नंतर मानले, पण ते माणसाला फार उशिरा सुचतं.

संध्याकाळी रोजा सोडला आणि उरलेल्या दोन बोटांतलं आगळ काढलं. पातेलं खाली उतरवून, बोट घालघालून बघत थांबलो. मग आगळ, साखर, चार वेढे चमचा, आणि ताटलीत. रूममेट न सांगता खाटेवर पाय वर घेऊन बसला. तासभर आम्ही दोघं ताटलीवर नजर ठेवून होतो. त्यानेच ताटली कलती केली.

"खलास," म्हणाला. "जम गया तेरा."

जांभळट लाल, काचेसारखं. बोटाने दाबलं तर परत वर येत होतं. मी फोन लावला.

आपा म्हणाली, "तुला तिकडे पाइप गुंडाळायला ठेवलंय की स्वैपाकाला?" पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आईचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीशी बोलली. त्या मुलीने आधी नको म्हटलं, मग विचार करून सांगितलं की असं चालणार नाही, पण चायना ग्रास कमी घालून मऊ करा, गोठल्यावर घुसळून अगदी एकजीव करा, खडा राहू देऊ नका, पाणी सुटलं तर निथळून टाका. बुधवारी ती स्वतः समोर बसणार होती. पहिला चमचा अर्धाच. कोणाला उपाय म्हणून मी हे सांगत नाही. ती मुलगी समोर नसती तर मीच आपाला करू दिलं नसतं.

बुधवारी गावी दिवस मावळताना, मगरिबच्या अजानीआधी फोन आला. इकडे अजून ऊन होतं, साइटवरून सुटून कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो. बस हायवेला लागलेली, सगळे रोजेदार पेंगत होते. रूममेट खिडकीकडून माझ्या फोनमध्ये डोकावत होता. पडद्यावर आई खुर्चीत ताठ बसवलेली, पाठीला उशा. बाजूला ती मुलगी. आपाच्या हातात वाटी. वाटीतला रंग माझ्या ताटलीतल्यासारखाच होता.

"आई, हनुवटी जरा खाली," मुलगी म्हणाली.

आपाने अर्धा चमचा आईच्या ओठांना लावला. ओठ मिटलेलेच. मला वाटलं संपलं. मग तिला वास आला असावा. ओठ उघडले.

आईने तोंड मिटलं. गाल जरा हलला. मुलीने दोन बोटं आईच्या गळ्याला लावली होती. मी श्वास धरला. बस पुलावरून चालली होती, फोन हातात थडथडत होता, आईचा चेहरा कधी चौकोनात, कधी बाहेर. ठसका येणार, आता येणार, असं वाटत राहिलं.

गळा वर झाला आणि खाली आला.

मुलीने थांबायला सांगितलं. आपा थांबली. ती वाटी धरून, वाकून आईच्या गळ्याकडे बघत होती. वाटीतलं लाल लाल हिंदकळत होतं. ठसका आला नाही.

आईने डोळे वाटीवर आणले. मग जड जिभेने, एकेक अक्षर ओढत, आपाला म्हणाली, "ह... लू... नको."

आपा हसायलाच लागली. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला. "अगं आई, गोठलंय ते कधीच! टेबलही बदललं आपण!" आणि दुसरा चमचा भरला. तोंड या वेळी आधीच उघडलेलं होतं.

मी इकडे रडत होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रूममेटने मला कोपर मारलं. "क्या बोली अम्मा?" मी सांगितलं. त्याला अर्थ लागला नाही, पण त्याने बाजूच्या सीटवरच्याला उठवून सांगितलं, "इसकी अम्मा खाई." त्याने पुढच्याला सांगितलं. पुढून कोणीतरी म्हणालं, "माशाल्ला." ज्याला काहीच माहीत नव्हतं तो बसचा पठाण ड्रायव्हरही आरशातून मागे बघून म्हणाला, "यल्ला, मुबारक!"

गुरुवारी डॉक्टरांनी नळीचं पुढे ढकललं, पुढच्या खेपेला पुन्हा ढकललं, आणि मग तो विषय निघेनासा झाला. सगळं चायना ग्रासनेच झालं असं मी म्हणणार नाही. तोंड एकदा उघडल्यावर आई मऊ भात, नाचणीची खीर, नंतर तर पावडर घातलेलं पाणीही, नाकं मुरडत का होईना, घ्यायला लागली. पण तोंड उघडलं कोकमाने.

ईदनंतर मी गेलो. आई खुर्चीतून माझे हात बघत बसली. एरोजेलची धूळ कातडीतलं तेल ओढून घेते, हातमोजे घातले तरी मनगटं पांढरी पडतात. तिने आपाला खोबरेल आणायला लावलं आणि चांगल्या हाताने माझ्या मनगटांना चोळलं. फार नाही, दमली लगेच. तरी चोळलं. मी तिला सांगितलं नाही की तिच्या आगळाची बाटली संपली. रिकामी बाटली मी धुऊन बॅगेत परत आणली होती, ती मात्र तिने बरोबर पाहिली.

या मे महिन्यात आपाने आगळ काढलं. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि मीठ किती, ते बोटांनी दाखवत होती, असं आपा सांगते. "एक चिमूट कमी पडली तर माझ्याकडे असं बघते की जणू मीच झटका आणला." गावाकडून येणाऱ्या एकाबरोबर बाटली आली आहे, तीन पिशव्यांत बांधलेली. अजून उघडली नाही. गाठ आपाची नाही, सैल आहे, एका हाताने मारलेली.